डोळ्याखालचा भोवरा

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत एक मेजर राहतात, हे गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं. सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. बन्सीलाल बोरसे, म्हणजे आमचे बन्सीआप्पा, उभ्या आयुष्यात फौजेच्या वाटेला गेलेले नाहीत. बमरोलीच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, त्यांनी आधी माग चालवले, मग मास्टर होऊन बिघडलेले माग दुरुस्त केले आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा घरी बसले. पण दर दिवाळीला धुळ्याचा एक प्रकाशक 'वावटळ' मालिकेतलं एक पातळ पुस्तक काढतो. त्यावर लेखकाचं नाव 'मेजर सारंग' असं असतं. ते मेजर हेच. नाव प्रकाशकानं दिलेलं. घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट मागवाल्याच्या नावावर खपायची नाही, असं त्याचं म्हणणं. आप्पांनी ते हसत मान्य केलं. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

मी वत्सला, आप्पांच्या समोरच्या घरात राहते. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. वावटळचं शुद्धलेखन पहिल्या भागापासून माझ्याकडे आहे. आप्पा कागदावर लिहीत नाहीत. साडीच्या घडीत घालतात ते पांढरे पुठ्ठे असतात ना, त्यांच्यावर लिहितात. खात्यात उभ्या उभ्या लिहायचे, तेव्हा हाताखाली काहीतरी कडक लागायचं. ती सवय गेली नाही. पुस्तक झालं की पुठ्ठ्यांचं एक पोतं माझ्या ओसरीवर येऊन पडतं. मी लाल पेन घेऊन बसते आणि जिथं जिथं घाईत 'आहे'च्या जागी आमच्या खानदेशी बोलीतलं 'शे' लिहिलेलं असतं, तिथं तिथं खोडते. आप्पांना ते आवडत नाही. घोडी आपल्याकडची आहे, ती 'शे'च म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकत नाही.

वावटळ ही घोडी. आप्पांचं गाव सारंगखेड्याजवळ. दत्ताच्या यात्रेत तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि आप्पांचे वडील त्या बाजारात वैरण विकायचे. गिऱ्हाईक घोडं बघायला आलं की दात नंतर बघतं, आधी भोवरे बघतं. अंगावरचे केस कुठं कुठं गोल फिरलेले असतात, त्यांचं शुभ-अशुभ ठरलेलं आहे. डोळ्याखाली, आसवं ओघळतात त्या जागी भोवरा असला तर त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर मालकाला रडवतं, असा समज. लहान असताना आप्पांनी एक काळी घोडी बघितली. यात्रेतल्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं आली आणि तरीही बाजार उठेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. डोळ्याखाली आसूढाळ होता. तिचा मालक तिला शिव्या देत परत घेऊन गेला. ती घोडी आप्पांच्या डोक्यातून गेली नाही. पुढं मागांच्या खडखडाटात तिनं पुन्हा धावायला सुरुवात केली, ती आजतागायत धावते आहे.

आता सत्तावीस भाग झाले. पहिल्या भागात आसूढाळ म्हणून टाकून दिलेली वावटळ एक गरीब माणूस पाळतो आणि ती त्याला शर्यती जिंकून देते. पुढं ती जत्रांमधून थेट पुण्या-मुंबईच्या मैदानांवर पोहोचते. ती मैदानं आप्पांनी टीव्हीवर बघितली आहेत. दर भागात कुणीतरी नवा शहाणा तिच्या डोळ्याखाली बघतो, नाक मुरडतो आणि शेवटी तोंडावर आपटतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना मराठी वाचनाची गोडी या घोडीनं लावली, हे मी शपथेवर सांगेन.

यंदा दिवाळीनंतर प्रकाशकाचा फोन आला. खप उतरलाय, पोरं मोबाइल सोडत नाहीत, तर अठ्ठाविसावा भाग काढायचा की नाही, हे तरुण वाचकांना विचारून ठरवू, असं तो म्हणाला. पोरांची मतं आवाजासकट पाठवा म्हणाला. आप्पा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, घोडी बंद पडली तर मी करू काय दिवसभर?"

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. खातं सुटल्यापासून या माणसाला ती घोडीच होती. मी म्हटलं, रविवारी या.

गणपती मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत रविवारी सकाळी मी पोरांना जमवते. एक कपाट पुस्तकं आहेत, सतरंजी आहे, आणि कुणीतरी खमण आणतं म्हणून हजेरी बरी असते. आप्पांना मी 'समोरचे आजोबा, तेही वावटळ वाचतात' अशी ओळख करून देऊन कोपऱ्यात बसवलं. त्यांनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून सतरंजीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

वैभव दहावीत आहे, त्याला कशाचीच भीड नाही. त्यानं सुरुवात केली.

"बाई, दर वेळी ती शेवटच्या वळणापर्यंत मागे असते. दर वेळी! आणि दर वेळी जॉकी शर्यतीच्या आदल्या दिवशी आजारी पडतो. त्याला एखादं टॉनिक का देत नाहीत? मी दहाव्या पानावर सांगतो काय होणार ते."

"तरी वाचतोस ना?" मी विचारलं.

"हां, वाचतो. सांगितलं ते खरं निघतं का बघायला."

अमोलचं म्हणणं वेगळंच होतं. सत्तावीस भागांत एकाकडेही मोबाइल नाही. घोडी चोरीला जाते आणि मालक सायकलवर तिला शोधत फिरतो. "एक फोटो ग्रुपवर टाकला असता तर दहा मिनिटांत सापडली असती. वार्ता पूरी!" गोष्ट खलास, असं गुजरातीत म्हणून त्यानं हात झटकले. त्यावर वैभवनं घोडं किती वर्षं जगतं ते मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचून दाखवलं. वावटळीला आता काठी द्यायला पाहिजे, म्हणाला. सगळे हसले. आप्पाही हसले, पण कानशिलं लाल झालेली मला दिसली.

सुवर्णा शर्यतीची पानं सोडून देते. तिला तबेला आवडतो. दाण्याची चंदी कधी देतात, पाय कसे धुतात, रात्री घोडी उभीच कशी झोपते, हे सगळं तिला पाठ. "पण लीद कोण काढतं ते एकदाही लिहिलं नाही," ती म्हणाली. "मला वाटतं मेजर साहेबांनी कधी काढली नसणार." यावर मात्र आप्पा उसळले. "काढलेली आहे!" असं मोठ्यानं म्हणाले. पोरं त्यांच्याकडे बघायला लागली.

शीतल तोवर काही बोलली नव्हती. ती आठवीत आहे, आमच्याच गल्लीतली. तिचे वडील भगवान हजीऱ्याच्या कारखान्यात कामाला होते. तिचं बारसं व्हायच्या आत ते अपघातात गेले. आई छाया घरी साड्यांवर स्टोन लावते. आजी उषाबाई, भगवानची आई, नातीवर जीव टाकते. पहिली भाकरी तिला, डोक्याला तेल रोज. पण कुणाच्या घरी हळद असो, डोहाळजेवण असो, उषाबाई पोरीला मागंच थांबवते. पोरीनं आल्या आल्या बापाला खाल्लं असं गल्लीत कुणीतरी बोललं होतं आणि म्हातारीच्या मनात ते रुतून बसलं. मागच्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या हळदीला सगळ्या मुली पिवळ्या होऊन नाचत होत्या. शीतल बाहेर चपलांपाशी उभी होती, वावटळचा कुठलासा भाग हातात धरून. मी विचारलं तर म्हणाली, चपला सांभाळायला कुणीतरी पाहिजेच ना.

मालिकेची सगळ्यात पक्की वाचक ही. सगळे भाग तिनं दोनदा वाचलेले. मी तिला विचारलं, सत्ताविसावा कसा वाटला?

सत्ताविसाव्या भागाचा शेवट आप्पांच्या फार आवडीचा. मलाही तो आवडला होता, खरं सांगायचं तर लाल पेन ठेवून डोळे पुसले होते. त्यात पुण्याचा एक म्हातारा घोडेपारखी वावटळीचं तोंड धुतो, भिंग लावून बघतो आणि सांगतो की हा आसूढाळ नव्हेच. शिंगरू असताना बाभळीची फांदी लागून जखम झाली, तिच्यावर केस वाकडे उगवले. भोवरा नाहीच! ज्यांनी ज्यांनी तिला हिणवलं होतं, ते सगळे खाली मान घालतात. घोडी निष्कलंक ठरते.

"मला नाही आवडला," शीतल म्हणाली. "मला त्याचा राग आला."

"का गं?"

ती आधी पुस्तकाच्या कडेशी चाळा करत बोलत होती, मग थेट आमच्याकडे बघून बोलायला लागली. "आधी मला वाटायचं, तिला भोवरा आहे आणि तरी ती जिंकते. म्हणजे भोवऱ्यात काही नसतं, लोक उगाच बोलतात. आता मेजर म्हणतात भोवरा नव्हताच. म्हणजे नव्हता म्हणून जिंकली. म्हणजे लोक बरोबरच बोलत होते, फक्त घोडी चुकीची धरली होती." तिनं पुस्तक मिटलं. "मग जिला खरंच भोवरा आहे, तिनं काय करायचं? मेजरांचा स्वतःचा विश्वास आहे भोवऱ्यावर. इतकी पुस्तकं लिहिली, पण आहे."

अमोलनं खमणाचा तुकडा परत कागदावर ठेवला. ज्या पानावर मी रडले होते, त्या पानावर ही पोर अशी उभी होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आप्पांनी मोबाइल उचलला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. "मीच लिहितो," ते म्हणाले.

"काय?" वैभवनं विचारलं.

"वावटळ. मीच लिहितो."

वैभव फस्सकन हसला. "तुम्ही मेजर? मग बंदूक कुठंय?" मी त्याला गप्प केलं आणि हे खरं आहे म्हणून सांगितलं. शीतल 'सॉरी आजोबा' म्हणायला लागली, तेव्हा आप्पांनी हातानंच नको म्हटलं. उत्तर मात्र काही दिलं नाही. भिंतीला धरून उठले आणि घरी गेले.

उत्तर का दिलं नाही, ते मला त्याच दुपारी त्यांच्या बायकोकडून, सुषमावहिनींकडून कळलं. त्यांच्या नातवाचं, योगराजचं, लग्न ठरलेलं होतं. वरातीची घोडी बघायला आप्पा आठवड्यापूर्वी घोडीवाल्याकडे गेले होते. घोडीवाल्यानं पांढरीशुभ्र, शांत घोडी पुढं केली. आप्पांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्याखाली बघितलं आणि दुसरी दाखव म्हणाले. सुषमावहिनी बरोबर होत्या. घरी आल्यावर त्यांनी जे सुनावलं, ते त्यांनी मला हसत हसत परत ऐकवलं.

"सत्तावीस पुस्तकं लिखी टाक्यात, आनि घोडीना डोयाखाल देखतस?"

त्यावर आप्पा म्हणाले होते, लग्नाचं काम आहे, उगाच कशाला. हे 'उगाच कशाला' आपण सगळेच म्हणतो. मीही म्हटलं असतं.

पोरीचं बोलणं आप्पांना झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन घोडीवाल्याकडे गेले, ती पहिलीच घोडी पाहिजे म्हणून. घोडीवाला दात कोरत होता. त्या तारखेला ती दुसरीकडे ठरलीय, म्हणाला. "काका, ये भंवरा-वंवरा आप जैसे लोग देखते हैं. बाकी सबको सफेद चाहिए, बस." आप्पा तिच्यापाशी जाऊन जरा उभे राहिले. घोडीनं त्यांच्या खिशात तोंड घालून बघितलं, काही नव्हतं. रिक्षानं परत आलो. गल्लीच्या तोंडाशी उतरले ते घरी न जाता सरळ उषाबाईच्या दारात.

योगराजला बहीण नाही. करवली म्हणून, म्हणजे नवरदेवामागं पाण्याचा करा आणि त्यावर दिवा घेऊन चालायला, गावाकडून कुणाची तरी मुलगी आणायचं ठरत होतं. आप्पा उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "उषाबाई, शीतलले करवली म्हणीसन धाडा."

उषाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. छाया आतून साडी तशीच हातात घेऊन बाहेर आली.

"नको, भाऊ," उषाबाई म्हणाली. "काही व्हयनं त बोल मनी पोरले लागी."

मला वाटलं होतं, म्हातारी अपशकुनाचं बोलेल. ती पोरीला लागणाऱ्या बोलाला भीत होती. इतकी वर्षं ती तिला मागं ठेवत होती, ती कुणी बोट दाखवू नये म्हणून. मी तिला मनातल्या मनात कितीदा दुष्ट म्हटलं होतं, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

"व्हई ते मना डोक्यावर," आप्पा म्हणाले.

उषाबाईनं सुनेकडे बघितलं. छायानं होकाराची मान हलवली.

आप्पांच्या घरात यावरून कुरबुर झाली. मुलगा दीपक म्हणाला, बाबा, सोयऱ्यांना कळलं तर? आप्पा म्हणाले, मीच सांगतो त्यांना. आणि खरंच सांगितलं. हळदीच्या दिवशी सगळे मांडवात जमलेले असताना त्यांनी शीतलला पुढं बोलावलं आणि ही भगवानची पोर, आमची करवली, असं मोठ्यानं म्हणाले. सोयऱ्यांपैकी अर्ध्यांना भगवान कोण ते माहीतही नव्हतं. ते शेवभाजीच्या वासाकडे लक्ष ठेवून होते. ज्या दोघी-तिघी बायका एकमेकींकडे बघत होत्या, त्यांना सुषमावहिनींनी हळदीची वाटी धरायला दिली. शीतलनं योगराजच्या गालाला हळद लावली तेव्हा घाईत अर्धी त्याच्या कानात गेली.

वरातीत विघ्न आलंच. चौकात पोहोचलो आणि जनरेटर बंद पडला. दिवे गेले, बँड थांबला, बिनभोवऱ्याची तपासून आणलेली घोडी बिचकली आणि चार पावलं आडवी गेली. योगराजनं तिच्या मानेला मिठी मारली. आणि त्या शांततेत मला माना वळताना दिसल्या, दोन-तीनच, पण शीतलकडे. तिलाही दिसल्या असणार. तिच्या हातातला कऱ्यावरचा दिवा तेवढा जळत होता आणि तिचा चेहरा त्यात स्पष्ट दिसत होता.

आप्पा गुडघे विसरून पुढं आले. "डिझेल संपलं आहे!" ते ओरडले. "मी सकाळीच दीपकला सांगितलं होतं, कॅन भरून ठेव! दीपक! कुठं आहे तो?"

दीपक लग्नाच्या सुटाबुटात कॅन घेऊन पंपाकडे पळाला. लोक हसायला लागले, कुणीतरी तोंडानंच बँड वाजवला. शीतल दिव्याला हाताचा आडोसा करून जागची हलली नाही. दिवे आले तेव्हा वरात पुढं निघाली. लग्न लागलं, जेवणं झाली, बट्टी जरा कच्ची राहिली होती. त्याचा बोल आचाऱ्याला लागला.

लग्नानंतरच्या रविवारी आप्पा पुन्हा पत्र्याच्या खोलीत आले. रेकॉर्डिंग त्यांनी प्रकाशकाला जसंच्या तसं पाठवलं होतं, टॉनिक आणि लीद यांच्यासकट. तो म्हणाला, एक भाग काढून बघू, मग ठरवू. आप्पांच्या काखेत चार-पाच पुठ्ठे होते. वैभवनं उठून कडक सॅल्यूट ठोकला, आप्पांनीही त्याला ठोकला. ते शीतलजवळ जाऊन सतरंजीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला.

"पुण्याच्या त्या पारख्याला नीट दिसत नव्हतं," ते तिला म्हणाले. "भिंग जुनं होतं."

"मग भोवरा आहे?"

"शे," आप्पा म्हणाले.

"आणि ती जिंकते?"

"अजून लिहिलं नाही. वय झालंय गं तिचं. यांनी काठी द्यायला सांगितली आहे."

शीतलनं पहिला पुठ्ठा हातात घेतला, पण लगेच वाचायला लागली नाही. "हरली तरी चालेल, आजोबा," ती म्हणाली. "पण भोवऱ्यामुळं हरली असं लिहू नका."

आप्पांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी माझं लाल पेन, एकही 'शे' न खोडता, पिशवीत ठेवून दिलं.